एप्रिलमध्ये कुठं उतरायचं?

विश्रांतवाडी, पुणे
रविवार, २६ जानेवारी २००३

चि. चेतन यास,

जय भीम आणि आईचे आशीर्वाद.

अण्णा यायला तयार झाले. कसे झाले ते विचारू नकोस. तू विचारणारच, म्हणून सांगते. मी खोटं बोलले. आपल्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून कल्याणीने आपल्याला कॅम्पातल्या डनमोर हॉटेलात तीन रात्री राहायला पाठवायचं ठरवलंय, असं मी त्यांना सांगितलं. अण्णा पेपर वाचत होते. "कल्याणीने?" म्हणाले. मी म्हटलं, हो, कल्याणीने. "बरं," म्हणाले आणि पान उलटलं. या माणसाने आजवर कुठलीही गोष्ट इतक्या लवकर मान्य केलेली नाही, त्यामुळे मला जरा धाकधूकच वाटतेय. नाशिकला फोन करून तुझ्या बहिणीला पढवून ठेवलंय. ती म्हणाली, "आई, मला खोटं बोलताना हसू येतं." म्हटलं, मग त्यांचा फोनच उचलू नकोस.

तुझं नाव काढलं असतं तर काय झालं असतं ते तुला ठाऊक आहे. "ज्याला राहायचंय त्याने राहावं," म्हणून अण्णा मंडईत भाजी आणायला निघून गेले असते, आणि आमच्याकडे विश्रांतवाडीलाही भाजी मिळते.

आता तू मागच्या रविवारी जे बोललास त्याबद्दल. एप्रिलमध्ये कंपनी तुला आठवडाभर पुण्याला पाठवणार हे ऐकून मी उडीच मारणार होते, गुडघ्यांमुळे राहिले. आणि पुढच्याच वाक्याला तू म्हणालास, कंपनीची माणसं डनमोरला उतरतात, मीही तिथेच उतरेन. "अण्णा ज्या घरात माझ्याशी बोलत नाहीत, तिथे येऊन मी काय करू?" वर म्हणालास, हॉटेल छान आहे, हवं तर तुम्हीच आधी राहून बघा. आणि दोन दिवसांत कंप्युटरवरून आमच्या नावाने खोली घेऊन मोकळा झालास. रागाच्या भरात भेट देणारा मुलगा मी पहिल्यांदाच पाहिला. अगदी अण्णांवर गेला आहेस.

चार वर्षांपूर्वीचं तुम्हा दोघांचं बोलणं मला पाठ आहे. तू पाटबंधारे खात्याचा राजीनामा देऊन अमेरिकेला निघालास तेव्हा अण्णा म्हणाले, "आपल्या घरातला पहिला सरकारी इंजिनिअर तू. ती खुर्ची तुझ्या एकट्याची नाही." आणि तू म्हणालास, "मग मीही तुमच्यासारखा जन्मभर फायलींना दोऱ्या बांधत बसू का?" मला विचारशील तर दोघंही निम्मे बरोबर होतात, आणि दोघांनाही एकेक चापट द्यायला हवी होती. तेव्हा दिली नाही, आता हात पोचत नाही.

तुझा फोन वाजला की अण्णा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला जातात, हे तुला माहीत आहे. दर रविवारी दुप्पट पाणी पिऊन माझे दोन गुलाब मेले. पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. गॅलरीचं दार ते कधी पूर्ण लावून घेत नाहीत.

म्हणून मी ठरवलंय. डनमोरला जायचं, मजा करायची, आणि एप्रिलमध्ये तू आपल्याच घरी उतरशील असं काहीतरी घडवून परत यायचं. काय घडवणार ते मलाही माहीत नाही.

ईमेल कर म्हणून कल्याणी सांगते, पण कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतला पोरगा मागे उभा राहून सगळं वाचतो. त्यापेक्षा हे बरं.

तुझी,
आई


डनमोर हॉटेल, कॅम्प
मंगळवार, ४ फेब्रुवारी २००३

चि. चेतन,

हा कागद हॉटेलचा आहे. वर सोनेरी चित्र आहे ते बघ. टेबलाच्या खणात गठ्ठाच होता, लिहायला कुणी विचारलंही नाही.

आम्ही रिक्षाने आलो. पोर्चमध्ये रिक्षा थांबली तेव्हा पुढे-मागे मोठ्या गाड्या, आणि मध्ये आमची रिक्षा, तिच्यात आमची निळी बॅग आणि सोलापुरी चादरीचं गाठोडं. फेटेवाल्या दारवानाने कडक सलाम ठोकला. अण्णांनी खाली उतरून त्याला उलट नमस्कार केला, गाव विचारलं, पगार वेळेवर होतो का विचारलं. मागे गाड्यांची रांग लागली. दारवान हसत होता, त्यामुळे मीही हसून घेतलं.

मग खोली निवडायचा कार्यक्रम झाला. तू म्हणे कंप्युटरवर "खोली पाहुण्यांच्या पसंतीने" असं काहीतरी नोंदवलं होतंस. काउंटरवरची नीरजा नावाची मुलगी म्हणाली, "सर, तीन रूम्स रेडी आहेत. तुम्ही बघून चॉइस करा." अण्णा सोळा वर्षं अव्वल कारकून होते, अरे. त्यांना "बघून घ्या" म्हणणं म्हणजे काय, हे त्या बिचारीला काय माहीत. अण्णांनी खिशातून चष्मा काढला.

पहिली खोली जुन्या इमारतीत, माडीवर. लाकडी जिना, उंच छत, भिंतीवर घोड्यांवरच्या साहेबांचे फोटो. आणि पलंग असा की त्याला चार खांब आणि वर झालर. नीरजा म्हणाली, "ही आमची मोस्ट रिक्वेस्टेड रूम आहे सर, हनिमून कपल्स वगैरे." अण्णांनी वर बघितलं, खाली बघितलं. म्हणाले, "ही खाट आहे की मांडव? आमचं लग्न होऊन गेलंय, ताई." मग न्हाणीघरात गेले. तिथे पांढरा टब, त्याला वाघाचे पाय. "ह्यात बसून आंघोळ करायची म्हणजे आपलाच मळ आपण परत अंगाला लावून घ्यायचा," म्हणाले. नीरजाने खाली मान घालून हसू दाबलं. मला मात्र ती खोली फार आवडली होती. बाहेर गच्ची होती आणि गच्चीवर पर्जन्यवृक्षाची आख्खी फांदी आत आली होती. मी तसं म्हटलं. तर म्हणाले, "झाडं काय बघायची? ती काय कुठं जाणार आहेत?"

दुसरी खोली नव्या इमारतीत. तिथे तुझ्यासारखे कंप्युटरवाले उतरतात म्हणे. टेबलाला तीन-तीन बटणं, भिंतीत तारा, सगळं चकाचक. अण्णांनी खिडकी उघडायचा प्रयत्न केला. ती उघडत नव्हती. "एसी आहे ना सर, त्यामुळे फिक्स्ड आहे," नीरजा म्हणाली. "उघडत नाही तिला आम्ही भिंत म्हणतो," अण्णा म्हणाले आणि बाहेर पडले.

तिसरी जुन्या इमारतीतच, तळमजल्यावर, अगदी टोकाला. नऊ नंबर. बाकीच्यांपेक्षा लहान, खिडकी बागेकडे नाही, रस्त्याकडे. शेजारीच बाजूचं छोटं दार, त्यातून थेट फुटपाथवर. नीरजा ती दाखवायलाच तयार नव्हती. "सर, ती आम्ही लास्टला देतो. ट्रॅफिकचा आवाज येतो." अण्णा आत गेले, नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. फ्लश ओढला. खिडकी उघडून मान बाहेर काढली आणि तशीच ठेवली. मी वाट बघत उभी. शेवटी आत येऊन म्हणाले, "ही."

चिडले होते मी, खरं सांगते. चार खांबांचा पलंग सोडून हे? पण नंतर पडदे सारले, दिवे लावले, आणि काय सांगू. या हॉटेलच्या रस्त्याने माझी आई डोक्यावर पाटी घेऊन ताडीवाला रोडला परत जायची. फाटकाच्या सावलीत क्षणभर टेकली तरी माळी हाकलायचा, असं ती सांगायची. आणि मी आज आतल्या खुर्चीवर बसून, त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच पेनाने तुला पत्र लिहितेय. मला फार आनंद झालाय, चेतन. तो आनंद तू दिलास. आईच्या वाट्याला हे आलं नाही, पण मी आहे ना.

पलंगाची गादी इतकी मऊ की अण्णा त्यात बुडाले आणि "पाठ गेली" म्हणत बाहेर आले. आता गालिच्यावर सोलापुरी पसरून झोपायचं ठरलंय त्यांचं. मी पलंगावरच झोपणार. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सगळी चादर माझी.

आई


डनमोर हॉटेल, कॅम्प
बुधवार, ५ फेब्रुवारी २००३

चि. चेतन,

आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. सकाळी उठून मी पलंग लावला. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं खाटा लावल्यात, हात ऐकत नाही. चारही कोपरे दुमडून, चादर अशी ताणून की वर वाटाणा टाकला तर उडावा. अण्णांनी त्यांची सोलापुरी घडी करून बॅगेत भरली. न्हाणीघर मी आमच्याच पंच्याने कोरडं करून घेतलं. परक्याच्या घरी उतरलं की मागे आपलं नाव निघता कामा नये, हे तुम्हा दोघांना मी लहानपणापासून शिकवलंय, मग मी स्वतः विसरेन का? हॉटेलचे टॉवेल पांढरेशुभ्र, त्यांना तोंड पुसायचं जिवावर आलं, म्हणून आमचेच वापरले. छोटे साबण कल्याणीच्या मुलींसाठी ठेवलेत. केळ्याच्या साली पिशवीत घालून बाहेर टाकल्या. खोली अशी दिसत होती की कालच रंग देऊन सोडलीय.

मग बाजूच्या दाराने बाहेर पडलो. किल्ली काउंटरवर द्यायची पद्धत आहे म्हणे, पण आपल्या दाराची किल्ली परक्याच्या हातात कोण देतं? माझ्या पर्समध्ये आहे. इराण्याकडे बनमस्का खाल्ला, मेन स्ट्रीटला एक चक्कर मारली. अण्णांनी मला चप्पल घेऊन दिली. दुकानदाराला म्हणाले, "ह्यांना चाळीस वर्षं टिकेल अशी दाखवा." मी म्हटलं, अहो, आता एवढी कशाला? तर म्हणाले, "बरं, मग वीस."

खोलीवर आलो तर ते पुन्हा खिडकीत. आणि मला आत्ता कळलं, नऊ नंबर का घेतली ते.

समोरच्या फुटपाथवर कुठल्यातरी सॉफ्टवेअर कंपनीची बस थांबते. पोरंपोरी गळ्यात कार्ड अडकवून, पाठीला सॅक लावून उभी असतात. कुणी फोनवर, कुणी डब्याच्या पिशवीत डोकावतंय. काल मान बाहेर काढून अण्णांनी हेच बघितलं होतं. आजही बस भरेपर्यंत ते खिडकीतून हलले नाहीत. मग मला विचारलं, "हे काय करतात गं, दिवसभर?"

मी म्हटलं, कंप्युटरवर काम करतात.

"ते मलाही कळतं. म्हणजे काय करतात?"

मला सांगता येईना. तू मला दहादा समजावलंयस, बँकेचा हिशेब एकीकडून दुसरीकडे आपोआप जातो वगैरे, आणि मी दहादा "हो का" म्हटलंय. मी म्हटलं, मला नीट सांगता येत नाही, ज्याला येतं त्याला विचारा. अण्णा पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "तो निळा शर्टवाला डबा विसरलाय घरी. मघापासून पिशवी चाचपतोय."

तेव्हा माझ्या अगदी ओठावर आलं होतं सांगायचं, की ही खोली चेतनने दिलीय. धीर झाला नाही. अण्णा उठून घरी निघाले असते तर? लग्नाचा वाढदिवस होता, मला तो पुरा हवा होता. आणि एप्रिलचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

संध्याकाळी खोलीतला फोन वाजला. मी उठणार तर अण्णा म्हणाले, "आपला नसेल. आपल्याला इथं कोण ओळखतं?" वाजून वाजून थांबला.

तुझ्या लग्नाचा विषय या पत्रात काढत नाही. पुढच्याही नाही. त्याच्या पुढच्यात बघू.

आई


डनमोर हॉटेल, कॅम्प
गुरुवार, ६ फेब्रुवारी २००३

चेतन, अरे बाळा,

तू फोनवर जे ऐकलंस ते तुला माहीत आहे. तुला जे दिसलं नाही ते लिहिते.

तुझ्यावर काय गुदरलं ते नीरजाने नंतर सांगितलं. खोल्या आवरणारे संभाजीभाऊ म्हणून आहेत, मिशीवाले. त्यांनी काल नऊ नंबर उघडली तर पलंग जसाच्या तसा, टॉवेलांची घडी मोडलेली नाही, साबणाचा कागद फाटलेला नाही, कचऱ्याची टोपली कोरडी. आज पुन्हा तेच. किल्ली काउंटरवर नाही, नाश्त्याला कुणी आलेलं नाही (नाश्ता खोलीबरोबरच होता म्हणे, हे तू आधी नाही का सांगायचंस!), फोन उचलत नाहीत. मोठ्या दरवाजाने जाताना-येताना आम्हाला कुणी पाहिलेलं नाही. संभाजीभाऊंनी वर कळवलं, "नऊ नंबरचे म्हातारा-म्हातारी आल्या दिवसापासून खोलीत राहिलेच नाहीत." नीरजा घाबरली आणि तिने तुझा अमेरिकेचा नंबर फिरवला.

मग तू घरी फोन केलास, तिथे कोण उचलणार. तू कल्याणीला केलास. तिला या वेळी हसू आलं नाही म्हणे, रडूच आलं. आणि तू पुन्हा हॉटेलला फोन लावून ओरडलास, "आत्ताच्या आत्ता ती खोली उघडा, मी फोन ठेवणार नाही."

इकडे आम्ही काय करत होतो? सकाळचं फिरून बाजूच्या दाराने आत आलो होतो. पलंगावर सांडायला नको म्हणून गालिच्यावर सोलापुरी पसरून दशम्या आणि सुकटीची चटणी काढली होती. चटणी कालच्यापेक्षा मुरलेली, अण्णा खुशीत. दार वाजलं. अण्णा म्हणाले, "आपण कुणाला बोलावलेलं नाही." आणि पुढचा घास घेतला. तेवढ्यात किल्ली फिरली आणि नीरजा, संभाजीभाऊ, एक टायवाले मॅनेजर, सगळे एकदम आत. आणि त्यांच्यासमोर आम्ही दोघं, मांडी घालून, घास हातात. त्या खोलीत शंभर वर्षांत सुकटीचा वास पहिल्यांदा आला असेल. मॅनेजरनी एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा पलंगाकडे.

संभाजीभाऊ म्हणाले, "अहो, तुम्ही हाय व्हय हितं!"

अण्णा म्हणाले, "मग कुठं असणार? खोली आमची आहे ना?"

नीरजाने धावत जाऊन टेबलावरचा फोन उचलला, काउंटरवरून जोडून घेतला. "सर, सापडले! सर, दे आर फाइन, ते, ते जेवतायत सर." मग तिने रिसीव्हर पुढे केला. "काका, तुमच्या मुलाचा फोन. अमेरिकेहून. खूप घाबरलेत ते."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना माझा उजवा हात दाखवला, चटणीने बरबटलेला. माझा डावा हात मोकळा होता, चेतन. तो मी पदराखाली घेतला. हे फक्त तुला सांगतेय.

अण्णा उठले. हात धुवून आले. हो, तू तिकडे जीव मुठीत धरून बसला होतास आणि ते साबण लावून हात धुवत होते, म्हणून एवढा वेळ लागला. कल्याणीच्या मुलींचा एक साबण त्यात गेला. मग आरशासमोर उभं राहून त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि रिसीव्हर घेतला. म्हणाले, "कोण बोलतंय?"

कोण बोलतंय ते त्यांना माहीत होतं, हे तुलाही माहीत होतं. तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं ते असं. "आहोत, जिवंत आहोत." मग, "ओरडू नकोस, ऐकू येतंय मला." मग, "रडतोस कशाला, खुळ्या." आणि हे म्हणताना त्यांनी चष्मा काढला आणि हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलला डोळे पुसले. दोन दिवस ज्याला आम्ही बोट लावलं नव्हतं, त्याला. मग विचारलं, "जेवलास का?"

त्यानंतरचं तुला माहीत आहे. तू विचारलंस वाटतं खोली कशी आहे, आणि त्यांनी तुला तिन्ही खोल्यांचे नळ, फ्लश, मांडव, वाघाचे पाय, सगळं सांगितलं. मॅनेजर उभे राहून ऐकत होते, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग अण्णांनी तुला विचारलं, "तुम्ही लोक दिवसभर नक्की करता काय, ते सांग जरा." आणि टेबलाच्या कडेला टेकून ऐकत राहिले. मध्येमध्ये "अच्छा" म्हणत होते. मी दहादा "हो का" म्हटलं त्यापेक्षा ते खूप बरं होतं. नीरजा आणि संभाजीभाऊ पाय न वाजवता बाहेर गेले. मॅनेजरना संभाजीभाऊंनी दंडाला धरून नेलं.

फोन ठेवल्यावर अण्णा खिडकीत जाऊन उभे राहिले. मग दार उघडून बाहेर गेले, व्हरांड्यात नीरजा होती, तिला म्हणाले, "मुलगा आहे माझा. इंजिनिअर आहे." एवढंच. पुढे-मागे काही लावलं नाही, चेतन. सरकारी होता, नाही, काही नाही. मी आतून ऐकलं.

परत आल्यावर मी म्हटलं, अहो, एक सांगायचं राहिलं, ही खोली खरं म्हणजे कल्याणीने...

"माहीत आहे," म्हणाले.

कधीपासून?

"तू सांगितलंस तेव्हापासून. कल्याणीने घेतली असती तर तिने महाबळेश्वरची घेतली असती आणि पोरींना आपल्याबरोबर पाठवलं असतं." आणि उरलेली दशमी तोडत म्हणाले, "मला काय, त्याने दिलीय म्हणूनच आलो मी."

म्हणजे बघ. पेपरामागून "बरं" म्हणाले तेव्हाच. मी इतके दिवस उगाच जीव टांगणीला लावून बसले. मी खोटं बोलले आणि ते खोट्याला खरं मानल्याचं दाखवत चालले, आणि दोघं एकमेकांना सांभाळत इथवर आलो.

दुपारी संभाजीभाऊंनी येऊन हात जोडले. "ताई, उद्या तरी पलंग मोडून ठेवा. नाहीतर साहेब मलाच विचारतील, तू काम करतोस की नाही." त्यांना चटणीची वाटी दिली. अण्णा म्हणतात आज नाश्त्याची वसुली रात्रीच्या जेवणात करायची. मी नवी चप्पल घालणार आहे.

आई


विश्रांतवाडी, पुणे
रविवार, ९ फेब्रुवारी २००३

चि. चेतन,

घरी येऊन दोन दिवस झाले. माझ्या पाठीला ती मऊ गादी चांगलीच मानवली होती. आता आपल्या कापसाच्या गादीवर झोप येत नाही, हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

आज सकाळी फोन वाजला तेव्हा मी पोळ्या करत होते. अण्णांनी उचलला. तुम्ही किती वेळ बोललात ते मी मोजलं नाही, पण पोळ्या संपल्या, भाजी झाली, मी ओटा पुसला, तरी माझी पाळी आली नाही. शेवटी तू मला एवढंच म्हणालास, "आई, अण्णांनी मला एप्रिलबद्दल काही विचारलंच नाही." आवाज पडला होता तुझा. मी म्हटलं, धीर धर. तोंडाने विचारणं त्यांना जमत नाही.

ते खरंच होतं. जेवण झाल्यावर त्यांनी माझ्याकडे हे पत्र मागितलं. म्हणाले, "खाली जागा ठेव. मला काही मुद्दे मांडायचेत." आतल्या खोलीत बसून आधी कच्चा मसुदा लिहितायत. मधून मधून बाहेर येऊन मला विचारतात, "टबचे पाय वाघाचे होते की सिंहाचे?" काल कुठूनतरी सुतार आणून तुझ्या खोलीची खिडकी दुरुस्त करून घेतली, ती पावसाळ्यापासून अडकत होती. टेबल भिंतीजवळून हलवून खिडकीजवळ ठेवलंय. बजरंग इलेक्ट्रिशियनला सांगून टेबलाजवळ तीन बटणांचा बोर्ड लावून घेतलाय. कशासाठी, असं मी विचारलं नाही.

आता त्यांना देते.

तुझी,
आई

*

चि. चेतन यास, अनेक आशीर्वाद.

वर तुझ्या आईने लिहिले आहे त्यातील बरेचसे खरे आहे. तिचा डावा हात मोकळा होता, हे मी पाहिले होते.

तुझ्या सूचनेनुसार डनमोर हॉटेलची प्रत्यक्ष राहून पाहणी केली. हॉटेल जुने व नामांकित आहे. कर्मचारी सौजन्याने वागतात, याबद्दल तक्रार नाही. तथापि माडीवरील खोलीतील पलंग एकट्या माणसासाठी फार मोठा आहे, रात्री करमणार नाही. नव्या इमारतीतील खिडकी उघडत नाही. नऊ क्रमांकाची खोली त्यातल्या त्यात बरी, परंतु तिथून बस दिसते, घर दिसत नाही. नाश्ता चांगला असतो असे कळले, पण सुकटीची चटणी तिथे मिळत नाही, याची खात्री करून घेतली आहे. आणि मुख्य म्हणजे, त्या हॉटेलात माणूस आहे की नाही हे गादीवरून ठरवतात. आमच्याकडे तशी पद्धत नाही. तू चार वर्षे नाहीस, तरी तुझी गादी आई दर रविवारी उन्हात घालते. उचलून गॅलरीत मी नेतो.

सबब, एप्रिलमध्ये विश्रांतवाडी येथेच उतरावे, असे माझे मत आहे. विमान पहाटेचे असले तरी मी विमानतळापर्यंत येईन. कंपनीने कारण विचारल्यास, गावात घर आहे, असे कळवावे.

तुझा,
अण्णा